ढोरे रानात आणि वादळ डोक्यावर



चैत्र-वैशाखात आपल्या चंद्रपूर-गडचिरोली भागात दुपारी तीनपासून दिवेलागणीपर्यंतची वेळ मोठी फसवी. सकाळी आभाळ काचेसारखे स्वच्छ असते. दुपारी अंगाची लाही होते. आणि तीन-साडेतीनला झाडीच्या टोकावर एक काळा डोंगर उभा राहतो. धानवाल्याचे खरिपाचे धान एव्हाना घरात आलेले असते. ढोरवाल्याची मिळकत मात्र चार पायांवर चालते, आणि नेमकी त्याच वेळी ती घरापासून तीन-चार किलोमीटर दूर जंगलात असते. तिच्यामागे घरातला एखादा माणूस असतो, तोही एकटाच.

गोवारी, गोलकर आणि ज्यांच्याकडे वीस-पंचवीसच्या वर ढोरे आहेत अशा सर्वच कुटुंबांसाठी हे पत्रक आहे. यातील काही गोष्टी पुस्तकातल्या आहेत, काही मी एका घरी बसून शिकलो. ती हकिगत आधी सांगतो.

गेल्या एप्रिलमध्ये सिंदेवाहीकडच्या एका जंगलालगतच्या गावी मी तणसावर युरियाची प्रक्रिया दाखवायला गेलो होतो. घर ढोरवाल्याचे. आजा, त्याचा मुलगा, सून, दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला नातू आणि त्याची धाकटी बहीण. दावणीला आणि आखरावर मिळून अडतीस ढोरे. बहुतेक आपल्या कठाणी जातीची, म्हणजे लहान चणीची, टणक खुरांची, धानाच्या बांधीतील चिखलात न थकता चालणारी. कठाणी नदीवरून हे नाव पडले, आणि कर्नालच्या राष्ट्रीय ब्यूरोकडे तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद आहे. दूध थोडे, पण ज्या चाऱ्यावर संकरित गाय उभी राहणार नाही त्यावर ही गाय वासरू जगवते.

त्या दिवशी नातू ढोरांमागे गेला होता. चारच्या सुमारास पश्चिमेकडून धूळ उठली आणि एकाएकी गार वारा आला. मी अंगणाच्या कडेला, माझ्या मोटारसायकलीजवळ, मोहाच्या झाडाखाली जाऊन उभा राहिलो. आजा दारातून ओरडला, "सायेब, तिथून निंगा आधी. आत या!" मी शेतकीचा पदवीधर, दहा गावांत भाषणे देणारा, आणि उभा कोठे, तर उंच झाडाखाली! मुकाट्याने आत गेलो.

वीसेक मिनिटांनी ढोरे धावत आली. शेपट्या वर, अंगावर गारांचे वळ. सुनेने मोजली, छत्तीस भरली. मग तिचे लक्ष गेले. "ढोरं आली, पोट्टा कुठी हाय?" ती तशीच पावसात निघाली. मुलगाही कुऱ्हाड घेऊन उठला. आजा दाराच्या उंबऱ्यावर आडवा बसला आणि म्हणाला, "आभाळ थांबल्याशिवाय कोनी जायचं नाई. मी त्याले सांगून ठेवलं हाय, ढोरं सोडून दे, ढोराले घर मालूम असते. तू बस."

तो अर्धा तास त्या घरात कोणी बोलले नाही. कवेलूवर गारा वाजत होत्या. धाकटी मुलगी आईच्या पदराला धरून बसली होती. आपणच चूक करीत आहोत असे म्हाताऱ्यालाही वाटत असावे, कारण त्याचा हात थरथरत होता. पण तो उठला नाही. पाऊस ओसरला, गडगडाट दूर गेला, आणि बापलेक निघायच्या बेतात असताना पोरगा चिखलाने भरलेला वाटेवर दिसला. ढोरे उधळताच त्याने ती सोडून दिली होती, आणि नाल्याच्या अलीकडच्या खोलगट जागेत, मोठ्या झाडांपासून लांब, झुडपांमध्ये उकिडवा बसून राहिला होता.

आता आजा बरोबर का होता ते पाहू.

हे वादळ येते कोठून? उन्हाळ्यात आपली जमीन तापते. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या वर जाणे आपल्याला नवीन नाही. वायव्येकडून कोरडा, गरम वारा येत असतो. कधी कधी त्याच वेळी बंगालच्या उपसागराकडून दमट वारा आत शिरतो. दोघे विदर्भावर भेटले की तापलेली दमट हवा भराभर वर चढते आणि दुपारपर्यंत ढग दहा-बारा किलोमीटर उंच होतो. वर इतकी थंडी की पाण्याचे बर्फ होते. तेच बर्फ वरखाली हेलकावे खात वाढते आणि जड झाले की गार होऊन पडते. बर्फाचे कण एकमेकांवर आदळून ढगात विजेचा भार साठतो. पाऊस कोसळू लागला की थंड हवाही धाडकन खाली येते आणि जमिनीला लागून चारी बाजूंना पसरते. पावसाच्या आधी येणारा जो गार, धुळीचा वारा तो हाच. 'बरे झाले, गार वारा सुटला' असे म्हणून बसू नका. तो वारा अंगाला लागला म्हणजे ढग जवळ आला आहे, आणि वीज पडायला पाऊस सुरू व्हावा लागत नाही.

अंतर ओळखण्याची युक्ती सोपी आहे. वीज चमकली की मोजायला लागा, आवाज येईपर्यंत. आवाज एक किलोमीटर यायला सुमारे तीन सेकंद लागतात. तिसाच्या आत गडगडाट ऐकू आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे पुढची तुमच्या डोक्यावर पडू शकते. तेथेच हातचे काम सोडावे. शेवटचा गडगडाट ऐकल्यानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. आजाने घड्याळ न पाहता हेच केले.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचे 'दामिनी' नावाचे ॲप जवळपास वीज पडण्याची सूचना मोबाईलवर देते. ते घरच्यांनी जरूर ठेवावे. पण जंगलात रेंज नसते हे तुम्हाला मी सांगायला नको. ज्यांच्याकडे मध्यम लहरीचा जुना ट्रान्झिस्टर आहे त्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. लांब कोठे वीज चमकली तरी त्यात करकर आवाज येतो. करकर वाढत चालली म्हणजे वादळ जवळ येत आहे असे समजावे. बाकी डोळे आणि कान आहेतच.

ढोरे एकदम का मरतात?

एका झाडाखाली चार-सहा ढोरे मेलेली सापडली की लोक म्हणतात, वीज त्यांच्या अंगावर पडली. बहुतेक वेळा तसे नसते. वीज झाडावर पडते, खोडातून जमिनीत उतरते आणि बोडीत दगड टाकल्यावर लाटा पसराव्यात तशी ओल्या जमिनीत पसरते. झाडाजवळ तिचा जोर जास्त, लांब कमी. आता गाय उभी कशी असते पाहा. पुढचे पाय एका ठिकाणी, मागचे चार-पाच फुटांवर. एका जागी जोर जास्त, दुसऱ्या जागी कमी, म्हणून वीज एका बाजूच्या पायांतून चढते आणि दुसऱ्या बाजूने उतरते. वाटेत काळीज येते. माणसाचे दोन्ही पाय जवळ असले तर त्याला त्यातला थोडाच वाटा मिळतो. म्हणून तर जवळपास वीज पडेल तेव्हा माणसाने पाय जुळवून उकिडवे बसावे, कानांवर हात धरावे, आडवे मुळीच पडू नये. आडव्या माणसाची गत गाईसारखी होते.

दुसरे असे की, खोडाला टेकून उभ्या असलेल्या जनावराच्या किंवा माणसाच्या अंगावर वीज खोडातून उडीही घेते. तारेच्या कुंपणाला लागून उभी असलेली ढोरेही अशीच जातात. तार वीज दूरवर नेते.

म्हणून पहिली गोष्ट ही की, वादळ दिसले की ढोरे एखाद्या मोठ्या मोहाखाली वा ऐनाखाली गोळा करून थांबू नये. आपल्याला वाटते आडोसा मिळाला, पण तोच सापळा. ढोरांना त्यांच्या मर्जीने पांगू द्यावे. वाऱ्याकडे पाठ करून ती आपोआप चालू लागतात. पांगलेल्या कळपातले एखादे जाईल, गोळा केलेल्यातली दहा जातील. राखणाऱ्याने खांद्यावरची कुऱ्हाड खाली ठेवावी, उंच झाडापासून निदान त्या झाडाच्या उंचीइतके लांब जावे, बोडीच्या पाळीवर किंवा उघड्या टेकाडावर उभे राहू नये. दोघे असाल तर हातात हात धरून बसू नका, अंतर ठेवा.

म्हशींचे वेगळे आहे. दुपारी त्या बोडीत डुंबत असतात आणि हाकलल्या तरी निघत नाहीत. आभाळ काळे दिसताच, गडगडाट ऐकू येण्याआधी, त्यांना बाहेर काढा. एकदा विजा जवळ आल्या की म्हशीसाठी पाण्यात उतरू नका. म्हैस पुन्हा घेता येईल.

चराईची वेळ बदलता येईल काय?

हा प्रश्न मी आजाला विचारला. उन्हाळ्यात पहाटे पाचला ढोरे सोडावी, अकरापर्यंत लांबच्या रानात चारावी, दुपारी पाण्याजवळ गोठणावर बसवावी, आणि तीननंतर पुन्हा लांब न नेता गावाच्या बाजूला चारावी, असे माझे म्हणणे. आजा म्हणाला, पोट भरत नाही. त्याचे खरे आहे. उन्हाळ्यात जवळचे रान खाऊन संपलेले असते. अडतीस ढोरांना संध्याकाळी दोन-दोन किलो तणस टाकायचे म्हटले तरी रोज पाऊण क्विंटल होते. कोणाला परवडेल?

शेवटी आमचे ठरले ते असे. रोज नाही, पण नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राने आपल्या जिल्ह्याला वादळ-विजांचा पिवळा किंवा नारिंगी इशारा दिला असेल, त्या दिवशी दुपारनंतर ढोरे लांब न्यायची नाहीत. असे दिवस मोसमात काही थोडेच असतात. तेवढ्यासाठी तणसाचा एक ढीग बाजूला ठेवायचा. इशारा सकाळच्या बातम्यांत व आपल्या कार्यक्रमात ऐकायला मिळतो. घरातील एकाने तो ऐकायचे काम अंगावर घ्यावे. त्या घरी ते सुनेने घेतले आहे.

कोठ्याकडे एकदा बघा

गारांपेक्षा वाऱ्याने उडालेल्या टिनांनी जनावरे जास्त कापली जातात असा माझा अनुभव आहे. आपल्याकडे टिनांवर दगड ठेवण्याची रीत आहे. साधा वारा असेल तर ठीक, पण वादळात टिन उचलले जाते आणि दगड खाली बांधलेल्या गाईच्या पाठीवर येतो. टिने जाड तारेने आड्याला व खांबांना आवळून बांधा, किंवा हूक-बोल्ट लावा. दगड उतरवून टाका. कोठ्यावर वाकलेली वाळकी फांदी चैत्राच्या आधीच तोडा. बाजूंनी उघडा टिनाचा कोठा विजेपासून राखतो असे समजू नका. त्यात ढोरे बांधा, स्वतः उभे राहू नका. माणसांनी घरात, भिंतीपासून व दारापासून दूर, मधल्या जागेत बसावे. शाळेची पक्की इमारत जवळ असेल तर अधिक चांगले.

दावे बांधताना गाठ अशी मारा की एका झटक्यात सुटेल. छप्पर कोसळले किंवा आग लागली तर करकचून बांधलेली गाठ सोडायला वेळ मिळत नाही. वादळानंतर अंगणात तुटलेली विजेची तार पडली असेल तर तिच्याकडे ढोर जाऊ देऊ नका. ढोर चिकटलेच असेल तर त्याला हात लावू नका. आधी महावितरणच्या माणसाकडून प्रवाह बंद करून घ्या.

अंधारात शोधायला जाऊ नका

त्या दिवशी छत्तीस ढोरे आली, दोन कालवडी राहिल्या. पोरगा आल्यावर बाप लगेच बॅटरी घेऊन निघाला. या वेळी मी अडवला. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, नागभीड, मूल या पट्ट्यात आणि ताडोबा-अंधारीच्या सीमेवर वाघ आहे हे लहान पोरालाही ठाऊक आहे. वादळाने थकलेली, भेदरलेली कालवड त्याला आयती सापडते, आणि तिच्यामागे वाकून झुडपात शिरणारा माणूसही. ओल्या पानांवर पावले वाजत नाहीत, ना तुमची ना त्याची. सकाळी, उजाडल्यावर, चार-पाच जणांनी मिळून, बोलत-ओरडत जावे. वाघाने ढोर मारलेले सापडले तर ते हलवू नका. ४८ तासांच्या आत वनरक्षकाला किंवा वनपरिक्षेत्र कार्यालयाला कळवा, म्हणजे भरपाईचा अर्ज चालतो.

वादळानंतरची रात्र

चाळीस अंशांच्या उन्हातून अर्ध्या तासात पारा दहा-पंधरा अंशांनी उतरतो. मोठे ढोर ते सोसते. आठ-पंधरा दिवसांचे वासरू सोसत नाही. ते थरथरत असेल तर कोरड्या पोत्याने अंग खसखसून पुसा, कोरड्या तणसावर ठेवा, त्याला आईचे दूध पाजा. शेकोटी लांब ठेवा. बंद कोठ्यात धूर कोंडला तर वासराच्या छातीत भरतो. गाभण गाय धावताना पडली असेल तर दोन-तीन दिवस तिला रानात सोडू नका आणि अंगावरून काही जाते काय यावर लक्ष ठेवा.

गारांच्या जखमा लहान दिसतात, पण माशी बसली की दोन दिवसांत अळ्या पडतात. पोटॅश परमँगनेट पाण्यात फिकट गुलाबी होईल इतकेच टाकून जखम धुवा व मलम लावा. कासेवर मार असेल तर धार हलक्या हाताने काढा. दूध एक-दोन दिवस कमी येईल, त्याने घाबरू नका. कोणत्याही जनावराने खाणे व रवंथ सोडले तर १९६२ या क्रमांकावर फोन करून पशुवैद्यकाला बोलवा.

आता मोहाफुलांविषयी. हे मुद्दाम सांगतो, कारण याने दरवर्षी ढोरे फुगतात. अंगणात वाळत घातलेला मोह वादळात भिजतो. भिजलेला मोह विकला जात नाही, मग बायका जीव हळहळून तो ढोरांपुढे टाकतात. मोहात साखर भरपूर, भिजला की आंबायला लागतो. मूठ-दोन मुठींनी काही होत नाही, पण टोपलीभर खाल्ला तर पोटात आंबट होऊन ढोर फुगते, झिंगते, बसते ते उठत नाही. भिजलेला मोह पातळ पसरून लगेच वाळवा. आंबलेला उकिरड्यावर, तोही माती टाकून झाकून. तणसाचेही तसेच: भिजलेले तणस दुसऱ्या दिवशी उन्हात उकलून घाला, आणि बुरशीचा काळा-पांढरा थर आलेला भाग ढोराला देऊ नका. राजुरा-कोरपना-वरोऱ्याकडच्या बंधूंनी आणखी एक पाहावे. अवकाळी पावसाने ज्वारीच्या खोडव्याला कोवळे फुटवे येतात. दिसायला हिरवेगार, पण त्यात विष असते. त्यात उपाशी ढोर घुसू देऊ नका.

माणसावर वीज पडली तर

अशा माणसाच्या अंगात वीज राहत नाही. त्याला हात लावायला घाबरू नका. कोठे कोठे त्याला शेणात किंवा मातीत गळ्यापर्यंत पुरतात. तसे करू नका, मोलाची वेळ जाते. श्वास थांबला असेल तर छातीच्या मध्यभागी दोन्ही हातांनी जोराने, भराभर, मिनिटाला शंभराच्या वर दाब देत राहा, आणि दुसऱ्याने १०८ ला फोन करावा. मेला असे वाटलेला माणूस यामुळे वाचू शकतो.

मदतीचे कागद

ढोर विजेने किंवा गारांनी मेले तर ते पुरण्याची घाई करू नका. आधी तलाठ्याला कळवा, पंचनामा होऊ द्या, पशुवैद्यकाकडून शवविच्छेदनाचा दाखला घ्या. मोबाईलवर फोटो काढून ठेवा. २०२२ साली ठरलेल्या निकषांत दुभत्या गाई-म्हशीला ३७,५०० रुपये, ओढकामाच्या बैलाला ३२,०००, वासराला २०,००० आणि शेळी-मेंढीला ४,००० रुपये असे दर होते. माणूस दगावल्यास वारसाला ४ लाख. दर बदलत असतात आणि एका कुटुंबाला किती जनावरांपर्यंत मदत मिळते याची मर्यादा असते, म्हणून चालू दर तलाठ्याकडे विचारावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कानातील बारा अंकी बिल्ला. २०२४ पासून आपल्या राज्यात बिल्ला नसलेल्या जनावराला अशी मदत मिळत नाही. रानात राहणाऱ्या ढोरांना बिल्ले मारायचे राहून जातात. मी गेलो त्या घरी अडतीसपैकी अकरांनाच होते. लसीकरणासाठी दवाखान्याची माणसे येतील त्याच दिवशी सगळ्यांना मारून घ्या, कालवडी-गोऱ्ह्यांनाही.

त्या दोन कालवडींपैकी एक दुसऱ्या दिवशी सकाळी नाल्याकाठी सापडली. दुसरी तिसऱ्या दिवशी आपण होऊन आखरावर येऊन उभी राहिली, एक शिंग मोडलेले. तणसाचे प्रात्यक्षिक राहिले होते ते मी पुढच्या आठवड्यात जाऊन केले. शंभर किलो तणसाला चार किलो युरिया, पन्नास लिटर पाणी, एकवीस दिवस झाकून. आजाने ढीग झाकायला ताडपत्री आणली आणि तिच्या कडा तारेने बांधल्या, दगड ठेवले नाहीत.